मेळघाटातलं नवं घर आणि गावठाणाची जुनी रेघ

माझी पीएचडी गवतावर आहे, हे इथे नेहमी येणाऱ्यांना माहीत आहेच. मेळघाटातली गावं उठल्यावर जी जागा मोकळी होते तिथे कोणतं गवत आधी येतं, कोणतं नंतर येतं आणि ते किती वर्षं टिकतं, एवढाच माझा प्रश्न. एमएस्सी वनस्पतिशास्त्रात केली, त्यामुळे इतिहासाशी माझा संबंध दहावीच्या पेपराबरोबर संपला होता. तरी आजचा लेख इतिहासाचा आहे आणि त्याला कारण माझी एक चूक.

चूक अशी. या प्रकारच्या अभ्यासात एक ‘कंट्रोल’ जागा लागते. म्हणजे जिथे कधी गाव नव्हतं, शेत नव्हतं, अशी जंगलातली मोकळी जागा. गाव उठलेल्या जागेची तिच्याशी तुलना करायची आणि फरक दिसला तर तो गावामुळे पडला असं म्हणायचं. मी अशा काही जागा निवडल्या होत्या. त्यातली एक मला फार आवडायची. सागाच्या झाडीतून बाहेर आलं की एकदम मोकळं पठार, कमरेएवढी कुसळी, कडेला सांबरांच्या लेंड्या. वहीत तिचं नाव ‘क-४’. दोन पावसाळे मी तिथे चौकटी टाकून गवत मोजलं.

दुसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी, चौकटीच्या दोऱ्या गुंडाळता गुंडाळता, सोबतचे कोरकू बाबा (सत्तरीच्या पुढचे, बफरमधल्या एका गावचे, नाव देत नाही) म्हणाले, “मॅडम, तुम्ही हे गावाचं गवत कायले मोजता? जंगलाचं मोजाचं म्हणत होत्या ना?”

मी म्हटलं, बाबा, इथे कुठे गाव?

“हे का! गावठाणच होय हे. माह्या आज्याचं घर त्या चिचेपाशी होतं.”

चिंच. दोन वर्षं मी त्या चिंचेखाली डबा खाल्ला होता. सागाच्या जंगलात, पठाराच्या मधोमध एवढी म्हातारी चिंच दिसली तर ती बहुतेक माणसाच्या हातची असते, हे मला न सांगता कळायला हवं होतं. त्या दिवशी मग बाबांनी कवेलूचे तुकडे दाखवले, मातीत अर्धं गेलेलं जातं दाखवलं, आणि माझ्या डोक्यात मातीचा रिपोर्ट आला. क-४ च्या मातीत फॉस्फरस इतर कंट्रोल जागांपेक्षा बराच जास्त निघाला होता. मी ते सॅम्पल ‘गडबड झालेलं’ म्हणून बाजूला ठेवलं होतं.

गडबड काही नव्हती. जिथे वर्षानुवर्षं गुरं बांधली जातात तिथे शेणामुताने फॉस्फरस आणि नायट्रोजन साचतो. फॉस्फरस पाण्याबरोबर सहजी वाहून जात नाही. केनियातल्या गवताळ प्रदेशावरचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथले काही हिरवेगार, जनावरांनी गजबजलेले तुकडे म्हणजे दीड ते साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या गुराख्यांच्या वाड्या निघाल्या. मातीची ताकद अजून उतरलेली नाही. तेव्हा आपल्याकडे बाबांच्या आज्याच्या गोठ्याची खूण मातीत राहिली तर नवल काय!

पण मला जास्त खटकलं ते पुढचं बोलणं. हे गाव वाघासाठी उठलं नव्हतं. बाबांनी घरात ऐकलेली गोष्ट अशी, की साहेबाने त्यांना खाली सडकेपाशी आणून बसवलं, “लाकूड तोडाले माणसं पाहिजेत म्हून”. आणि आज त्याच, साहेबाने बसवलेल्या गावात बाबांच्या नातवाला घर बांधायला जागा नाही.

इथून पुढे मी गवत सोडून कागद वाचायला लागले.

वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून कंपनीच्या कारभारात आलं. १८६४ मध्ये देशात वनखातं सुरू झालं आणि १८६७ मध्ये भुसावळ-नागपूर रेल्वे पूर्ण झाली. या दोन गोष्टी मेळघाटासाठी एकत्रच वाचायला हव्यात. खाली मैदानात कापसाची गाडी धावू लागली आणि वर डोंगरात सागाचा भाव वाढला. १८६० च्या दशकापासून मेळघाटातलं जंगल टप्प्याटप्प्याने राखीव होत गेलं. त्याआधी कोरकू गावं एका जागी खिळलेली नव्हती. डोंगरउतारावर झाडं तोडून, जाळून, राखेत पेरायचं, दोन-तीन वर्षांनी पुढे सरकायचं, अशी शेती असली की गावही मधून मधून हलतं. या शेतीला सातपुड्यात दह्या म्हणत. वनखात्याला ती डोळ्यांसमोर नको होती, कारण तिच्यात साग जळतो.

म्हणून ही शेती बंद करत नेली. पण मग दुसरी अडचण उभी राहिली. जंगलात माणूसच नसेल तर लाकूड तोडणार कोण, जाळरेषा कोण काढणार, वणवा कोण विझवणार? यावर मध्य प्रांत आणि वऱ्हाडात जो उपाय निघाला तो म्हणजे वनग्राम, ‘फॉरेस्ट व्हिलेज’. खात्याने जागा ठरवायची, कुटुंबांना घरापुरती आणि शेतापुरती जमीन वापरायला द्यायची, आणि त्याबदली त्यांनी खात्याच्या कामाला हजर व्हायचं. मजुरी मिळायची, जमिनीवर हक्क मिळायचा नाही. जमीन जंगलाचीच, कागदावर आणि कायमची. खात्याच्या मनात आलं तर गाव हलवता यायचं.

मेळघाटातलं प्रत्येक गाव असं खात्याने बसवलेलं आहे, असं माझं म्हणणं नाही. जुनी गावंही आहेत. पण ‘जंगलात माणसं घुसली’ हे वाक्य आपण किती सहज बोलतो ते पाहा. मीही बोलायचे. कॉलेजच्या सेमिनारमध्ये पीपीटीवर लिहिलंसुद्धा होतं. यातली काही माणसं घुसलेली नव्हती, त्यांना आणून बसवलं होतं.

पुढचा शंभर वर्षांचा भाग मी भरभर सांगते, कारण तो बऱ्याच ठिकाणी लिहिलेला आहे. १९०५ मध्ये एलिचपूर, म्हणजे आपलं अचलपूर, हा जिल्हा मोडला आणि मेळघाट अमरावतीत आला. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला आणि देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांत मेळघाट होता. १९८० मध्ये वन संवर्धन कायदा आला. १९८५ मध्ये मेळघाट अभयारण्य, १९८७ मध्ये गुगामल राष्ट्रीय उद्यान. १९९४ मध्ये अभयारण्याची हद्द आखडली, त्यात ३९ गावं बहुउपयोगी क्षेत्रात गेली आणि २२ गावं आत राहिली. २००७ मध्ये सुमारे १,५०० चौरस किलोमीटरचा गाभा, म्हणजे कोअर, जाहीर झाला.

या सगळ्यात मला थांबायचंय ते वन्यजीव कायद्याच्या कलम २० वर. ते अगदी लहान आहे. अभयारण्य करण्याचा इरादा जाहीर झाला, की त्या हद्दीतल्या जमिनीवर कुणालाही नवा हक्क मिळवता येत नाही. फक्त वारसाने आलेला हक्क चालतो. वाचताना साधं वाटतं. आता त्यात एक घर ठेवून बघा. बाप, आई, तीन मुलगे. बापाचा हक्क तीन मुलांना वारसाने मिळतो, पण मिळतो तो त्याच एका घराचा. दुसऱ्या मुलाचं लग्न झालं तर त्याला घर कुठे?

कोरकू गाव ज्यांनी पाहिलंय त्यांना त्याची ठेवण आठवत असेल. मधे रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना समोरासमोर घरांच्या रांगा, कुडाच्या भिंती, माती-शेणाचं सारवण, वर कवेलू. बाबांच्या सांगण्याप्रमाणे मुलगा वेगळा झाला की रांगेच्या टोकाला घर जोडायचं. गाव असं लांबीत वाढतं. पण रांगेच्या टोकाशी राखीव जंगलाची हद्द आली, की वाढ तिथेच थांबते. मग एका घराच्या पडवीत दुसरा संसार, मागच्या वाडग्यात तिसरा.

बाबांचं गाव बफरमध्ये आहे, त्यामुळे कलम २० ची अडचण तिथे नाही. तिथे अडचण १९८० च्या कायद्याची. गावठाण भरलं, गावठाणाच्या पलीकडे राखीव जंगल, आणि जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला वापरायची तर केंद्राची परवानगी. एका घरासाठी कोण दिल्लीला जाणार? प्रधानमंत्री आवास योजनेत डोंगराळ भागात घरामागे १ लाख ३० हजार रुपये मिळतात आणि घर किमान २५ चौरस मीटरचं असावं लागतं. नातवाचं नाव यादीत आलं. पुढे कार्यालयात त्याला विचारलं, जागेचा कागद कुठाय? तो घरी परत आला.

आता वनहक्क कायदा, २००६. हा कायदा आदिवासींच्या बाजूने आहे असं आपण धरून चालतो, आणि बऱ्याच अंशी तो आहेही. सामूहिक वनहक्क मिळाल्यावर परतवाड्याजवळच्या पायविहीरच्या लोकांनी उजाड माळावर काय उभं केलं ते या भागात कुणाला सांगायला नको. पण याच कायद्याच्या कलम ३(२) मध्ये एक यादी आहे. गावाच्या सोयीसाठी वनजमीन देता येईल अशी तेरा कामं त्यात मोजून दिली आहेत. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, विजेच्या तारा, तळी, पिण्याच्या पाण्याची लाइन, रस्ता, समाजमंदिर वगैरे. प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. मी ही यादी दोनदा वाचली. तिच्यात घर नाही. शाळा बांधता येते, पण शाळेत जाणाऱ्या पोराचं घर बांधता येत नाही.

सप्टेंबर २०२० मध्ये नेमका इथे बदल झाला. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतल्या अधिकाराने अधिसूचना काढली आणि महाराष्ट्राच्या अनुसूचित क्षेत्रापुरता वनहक्क कायद्यात फेरफार केला. उद्देश हा, की आदिवासी आणि इतर पारंपरिक वननिवासी कुटुंबांना गावालगतच्या वनजमिनीवर घरं बांधता यावीत, कुटुंब वाढलं म्हणून गाव सोडावं लागू नये. धारणी आणि चिखलदरा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. म्हणजे ही अधिसूचना थेट मेळघाटाच्या दारात आली.

आणि वाद सुरू झाला. माझ्या ओळखीतले वन्यजीववाले आणि वनहक्कवाले या विषयावर एका टेबलावर बसून चहा पीत नाहीत, म्हणून दोघांचं म्हणणं मी वेगवेगळं ऐकलंय.

वन्यजीववाल्यांची भीती साधी आहे. जंगलाचे तुकडे मोठ्या धरणाने पडतात तसेच लहान लहान घरांनीही पडतात. एका घरामागे सरपण आलं, गुरं आली, कुत्री आली, पायवाट आली. आज रांगेच्या टोकाला दहा घरं, उद्या त्या घरांच्या टोकाला आणखी दहा. शिवाय पैसेवाला बाहेरचा माणूस आदिवासीच्या नावावर घर बांधून मागे होम-स्टे चालवणार नाही कशावरून? आणि केंद्राच्या कायद्यात राज्यपालांनी यादी वाढवावी का, हाही प्रश्न आहेच. पाचव्या अनुसूचीत संसदेचा कायदा अनुसूचित क्षेत्रात अपवाद किंवा फेरफार करून लागू करण्याचा अधिकार राज्यपालांना आहे, पण ‘फेरफार’ किती ताणायचा यावर मतं वेगळी आहेत.

वनहक्कवाले विचारतात, मग ही माणसं राहणार कुठे? गावातून बाहेर पडलेलं जोडपं परतवाड्याला किंवा अमरावतीला वीटभट्टीवर जातं. तिथे त्यांची ग्रामसभा नाही, मोह नाही, नातं नाही.

मी स्वतः बराच काळ पहिल्या बाजूला होते. अजूनही गाभ्यात नवी घरं नकोत असंच मला वाटतं. पण कागद वाचताना एक गोष्ट सापडली आणि तिने माझी झोप उडवली. गाभ्यातल्या गावांचं पुनर्वसन करताना राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचना लागू होतात. २००८ पासून कुटुंबामागे १० लाख, आणि २०२१ मध्ये ती रक्कम १५ लाख झाली. आता ‘कुटुंब’ म्हणजे कोण? त्या सूचनांप्रमाणे अठरा वर्षं पूर्ण झालेला मुलगा, लग्न झालेलं असो वा नसो, वेगळं कुटुंब धरतात. अठरा वर्षांवरची अविवाहित मुलगीही. चांगलीच तरतूद आहे, वाद नाही.

पण कलम २० शेजारी ठेवून वाचा. गाव सोडून जायचं असेल तर तो अठरा वर्षांचा मुलगा स्वतंत्र कुटुंब. त्याच गावात राहायचं असेल तर तो बापाच्या घरातला पोरगा. सरकारच्या दोन कागदांत एकाच पोराची दोन वयं. तीन मुलगे असलेल्या घराला गाव सोडताना चार वाटे मिळतात, राहताना एकच छप्पर. ‘लोकांनी स्वखुशीने गाव सोडलं’ असं अहवालात वाचते तेव्हा मला आता हा हिशोब आठवतो. स्वखुशी नव्हती असं मी म्हणत नाही. काही गावांनी खरंच मागणी करून गाव सोडलं, त्यांना दवाखाना हवा होता, पोरांची शाळा हवी होती. पण त्या खुशीत जागा न उरण्याचा वाटा किती, हे कुणी मोजलेलं माझ्या वाचनात आलेलं नाही.

बोरी, कोहा आणि कुंड ही तीन गावं २००१ ते २००३ च्या दरम्यान उठली. त्यांची मोकळी झालेली गावठाणं आणि शेतं आज मेळघाटातली नावाजलेली कुरणं आहेत. रानगवे, सांबर तिथे चरतात आणि त्यांच्यामागे वाघ येतो. वनखात्याचं हे यश खरं आहे, माझ्या चौकटीतही ते दिसतं. फक्त त्या हिरवळीमागे गावाच्या गुरांचं शेणही आहे, हे कुरणाच्या पाटीवर लिहायला हरकत नसावी.

पुढच्या दशकात आणखी गावं उठली. अमोना, बारूखेडा, धारगड, सोमठाणा बुद्रुक आणि खुर्द, नागरतास, गुल्लरघाट, केलपाणी या आठ गावांची माणसं खाली अकोला जिल्ह्यात, अकोट आणि तेल्हारा तालुक्यांत आली. २०१७ मध्ये त्यातली अनेक कुटुंबं सामान घेऊन परत डोंगर चढली. जानेवारी २०१९ मध्ये पुन्हा चढली, तेव्हा जुन्या गावांच्या परिसरात वनकर्मचारी, पोलीस आणि गावकरी यांच्यात संघर्ष झाला. दोन्हीकडची माणसं जखमी झाली. जमीन मिळाली नाही, सोयी अपुऱ्या, आणि नव्या जागी माणसं दगावली, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. अकोटचे लोक श्रावणात धारगडच्या यात्रेला जातात. गाव तिथे उरलेलं नाही, यात्रा भरते.

आणखी एक बारकी गोष्ट, जी माझ्या लक्षात फार उशिरा आली. अकोला जिल्ह्यात अनुसूचित क्षेत्र नाही. म्हणजे डोंगरावर राहिलेल्यांना पेसाची ग्रामसभा आहे, २०२० ची घरांची अधिसूचना आहे. खाली उतरलेल्यांच्या नव्या गावांना यातलं काहीच लागू नाही. घाट उतरताना त्यांच्याकडून हेही सुटलं.

घरांच्या वादात एक विरोधाभास मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्याच चिखलदरा तालुक्यात, चिखलदरा शहर आणि शेजारची शहापूर, आलाडोह, मोथा, लवादा ही गावं धरून थंड हवेच्या ठिकाणाचा विकास करायला सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमलेलं आहे. तिथे नकाशा आहे, झोन आहेत, प्लॉट आहेत. म्हणजे मेळघाटाच्या कडेला नवी घरं बांधायचीच नाहीत असा काही आपला निश्चय नाही. अमरावतीच्या माणसाला शनिवार-रविवारसाठी लागणाऱ्या खोलीचं नियोजन होतं. बाबांच्या नातवाच्या २५ चौरस मीटरचं कुणी करत नाही, आणि त्याने मागितलं की जंगलाच्या तुकड्यांची आठवण होते.

माझं मत विचाराल तर बफरमध्ये, गावठाणाला लागून, ग्रामसभेने आधी नकाशावर हद्द आखून आणि पुढच्या वीस वर्षांतली घरं मोजून ही अधिसूचना वापरावी. एकेक घर सुटं मंजूर करू नये, त्याने रांग कुठेही वाकडी जाते. घर विकता किंवा भाड्याने देता येऊ नये. हे लिहिताना मला ठाऊक आहे की ग्रामसभा मला विचारणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

क-४ चं काय झालं? गाईड आधी चिडले, मग हसले. तो प्लॉट मी कंट्रोलमधून काढला आणि ‘उठलेली गावं’ या गटात टाकला. वय अंदाजे ऐंशी ते शंभर वर्षं, कारण बाबांच्या आज्याचं वय तेवढंच मागे नेता येतं. गंमत म्हणजे त्यामुळे प्रबंधाचा फायदाच झाला. वीस वर्षांपूर्वी उठलेल्या कुरणांचं पुढे काय होईल, ते बघायला मला एक म्हातारं कुरण मिळालं. बाकीच्या कंट्रोल जागांवर मी बाबांना पुन्हा घेऊन गेले. एका जागेवर ते बराच वेळ फिरले, माती उकरून पाहिली आणि म्हणाले, “हे जंगल होय. मोजा.” दुसऱ्या जागेवर काही बोलले नाहीत. नुसतं गवतात पडलेल्या एका लाकडी खांबाकडे बोट दाखवलं. कोरकूंमध्ये मेलेल्या माणसाच्या नावाने कोरीव खांब रोवतात, मुंडा म्हणतात त्याला. वाळवीने खाल्लेला होता, वरची नक्षी मात्र बोटाला लागत होती.

आता एक विनंती. जुन्या टोपोशीटवर मेळघाटात काही गावांच्या नावापुढे कंसात ‘डिझर्टेड’ लिहिलेलं सापडतं, आपल्याकडे ज्याला रीठ म्हणतात. मला त्या रीठ गावांची यादी करायची आहे. परतवाडा, अकोट, धारणी भागात तुमच्या घरात कुणी आजोबा-पणजोबा वनखात्यात, लाकडाच्या ठेक्यावर किंवा पटवारी म्हणून होते का? त्यांच्या डायऱ्या, हाताने काढलेले नकाशे, मजुरांच्या हजेरीची पुस्तकं असं काही माळ्यावर पडलेलं असेल तर टाकून देऊ नका, मला कळवा. मी येऊन फोटो काढून घेईन, मूळ कागद तुमच्याकडेच राहतील. नातवाच्या अर्जाला जोडायला बाबांनाही त्यातला एखादा कागद हवा आहे. साहेबाने गाव खाली आणलं त्या वर्षाचा.